विकणे आहे: ऑरेलिया, पूर्ण जीर्णोद्धार केलेली

काही लोक नेटवर घरांच्या जाहिराती वाचत बसतात, काही पैठण्यांच्या. मला जुन्या गाड्यांच्या विक्रीची पानं वाचायची खोड आहे. घ्यायची ऐपत नाही, ठेवायला जागा नाही, आणि इटलीहून गाडी आणायची म्हटलं तर नुसत्या आयातशुल्काच्या विचारानं घाम फुटतो. तरी वाचतो. गाडीची माहिती त्यात असतेच, पण आजची माणसं जुन्या वस्तूंकडे कशी बघतात हे त्या माहितीच्या आडून जास्त कळतं.

या जाहिरातींची एक ठरलेली भाषा असते. आपल्याकडे वधूवर सूचक मंडळात जशी 'गोरी, उंच, गृहकृत्यदक्ष' असायची तशीच. अत्यंत दुर्मिळ. शेवटच्या खिळ्यापर्यंत सुटी करून पुन्हा बांधलेली. इंजिनाचा नंबर मूळचाच. सोबत कागदपत्रांची जाडजूड फाइल. खाली फोटो: आरशासारखा रंग, नवंकोरं चामडं, एक ओरखडा नाही. सत्तर वर्षांची गाडी आणि चेहऱ्यावर सुरकुती म्हणून नाही!

यातली एक गाडी दिसली की मी थांबतोच. लान्चा ऑरेलिया बी-२० जीटी. (स्पेलिंगवरून आपण लान्सिया म्हणतो, पण इटालियन माणूस 'लान्चा' म्हणतो.) फेरारीसारखी ती पोरांच्या खोलीतल्या पोस्टरवर कधी नव्हती. पण 'जीटी' ही दोन अक्षरं आज ज्या हजारो गाड्यांच्या पाठीवर चिकटवलेली असतात, त्या सगळ्यांची ही थोरली. आणि तिला जन्म देता देता तिचं माहेर बुडालं. आज तिच्यासाठी मोजले जाणारे पैसे बघितले की मला ती गोष्ट आठवते. ती सांगावी म्हणून हे लिहितोय.

आधी 'ग्रान तुरीस्मो' म्हणजे काय ते बघू. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरातल्या तरुणांना शिक्षण संपलं की युरोपच्या लांबलचक सफरीवर पाठवायची पद्धत होती. तिला ग्रँड टूर म्हणत. पॅरिस करायचं, आल्प्स ओलांडायचे आणि शेवटी इटलीत जाऊन रोमचे अवशेष आणि फ्लॉरेन्सची चित्रं बघायची. आपल्याकडे म्हातारपणी काशीयात्रा असायची, त्यांच्याकडे तरुणपणी रोमयात्रा, एवढाच फरक. पुढे मोटारी आल्यावर लांबच्या प्रवासाच्या वेगवान गाडीला इटालियन लोकांनी हेच नाव दिलं. १९२९ च्या सुमारास आल्फा रोमिओच्या १७५० मॉडेलमध्ये 'ग्रान तुरीस्मो' नावाचा एक प्रकार होता. म्हणजे शब्द लान्चाचा नाही. पण त्या शब्दाचा आज आपल्याला कळतो तो अर्थ मात्र १९५१ साली तुरीनच्या मोटार प्रदर्शनात बी-२० उभी राहिली तेव्हा पक्का झाला असं बहुतेक जाणकार मानतात. बंद छत, पुढे दोन माणसं ऐसपैस, मागे मुलं नाहीतर बॅगा, आणि रेसच्या गाडीला लाजवेल असा वेग. पण सकाळी ऑफिसला न्यावी, संध्याकाळी बायकोबरोबर नाटकाला न्यावी आणि शनिवारी तीच गाडी घेऊन समुद्रावर जावं. त्या काळी वेगवान गाडी म्हटली की ती उघडी, आवाज करणारी, अंग खिळखिळं करणारी असायची. वेग हवा तर सुख सोडा, असा सरळ हिशोब. ऑरेलियानं तो हिशोब मोडला.

हे एकाएकी झालं नाही. विन्चेन्झो लान्चा हा मूळचा फियाटचा रेसर आणि गाड्यांची परीक्षा घेणारा माणूस. १९०६ साली त्यानं क्लाउदिओ फोगोलिन या मित्राबरोबर तुरीनमध्येच स्वतःची कंपनी काढली. १९२२ च्या त्याच्या लाम्बदा या गाडीला खाली वेगळी चॅसी नव्हती. बॉडी हाच तिचा सांगाडा. पुढची दोन चाकं एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होणारी. आज रस्त्यावरच्या बहुतेक मोटारी अशाच असतात. पण तेव्हा बहुतेक गाड्या म्हणजे लोखंडी शिडीवर ठेवलेलं लाकडी खोकं असायच्या. विन्चेन्झो १९३७ मध्ये गेला. पुढे महायुद्ध झालं, तुरीनवर बाँब पडले, आणि युद्धानंतर कंपनी आली त्याच्या मुलाच्या, जान्नीच्या हातात. जान्नीचा जन्म १९२४ चा. म्हणजे पोरगा विशीतच होता.

त्याच्या हाताखाली होता व्हित्तोरिओ यानो. यानं आल्फा रोमिओच्या जगज्जेत्या रेसगाड्या बनवल्या होत्या आणि आता तो लान्चात आला होता. आणि होता फ्रान्चेस्को दे विर्जिलियो नावाचा एक शांत इंजिनियर, जो युद्धाच्या काळातही सहा सिलिंडरचं 'व्ही' आकाराचं इंजिन कसं बसवता येईल याची गणितं करत होता. सोपं करून सांगतो. सहा सिलिंडर एका रांगेत ठेवले की इंजिन लोण्यासारखं चालतं, पण लांब होतं. मग गाडीचं नाकही लांब होतं. तेच तीन-तीनच्या दोन रांगांत, 'व्ही'सारखे तिरके ठेवले तर जागा निम्मी लागते, पण नीट जमवलं नाही तर ते थरथरतं. दोन रांगांमधला कोन ६० अंशांचा ठेवला तर हे जमतं, असं दे विर्जिलियोनं दाखवून दिलं. १९५० मध्ये ऑरेलियाची चार दारांची बी-१० आली तेव्हा तिच्यात हे इंजिन होतं. मोठ्या संख्येनं बनणाऱ्या गाडीत व्ही-६ बसवल्याची जगातली ही पहिली वेळ. आज हे इंजिन इतकं सर्रास झालंय की त्याचा कुणी शोध लावला असेल हेच आपल्या डोक्यात येत नाही.

ऑरेलिया हे नावसुद्धा गोड आहे. व्हिया ऑरेलिया हा रोमहून निघून समुद्रकाठानं उत्तरेकडे जाणारा रोमन काळातला रस्ता. युद्धानंतरच्या लान्चाच्या गाड्यांना अशी रस्त्यांची नावं मिळाली: ऑरेलिया, आप्पिया, फ्लामिनिया, फ्लाव्हिया. गाडीला रस्त्याचं नाव ठेवणाऱ्या माणसांना गाडी कशासाठी असते हे बरोबर कळलं होतं असं मला वाटतं.

बी-१० चं अंतर थोडं आखूड करून, वर दोन दारांची उतरत्या पाठीची बॉडी चढवून बी-२० झाली. तिचं रेखाटन घिया या कारखान्यातल्या मारियो बोआनोचं मानतात. सुरुवातीच्या काही बॉड्या व्हिओत्तीकडे झाल्या, आणि मग घडाईचं काम पिनिन फरिनाकडे गेलं. कौतुकही बराच काळ त्यालाच मिळालं. फोटो बघाल तर कळेल की तिच्या अंगावर दाखवण्यासाठी म्हणून काहीच नाही. क्रोमच्या पट्ट्यांची रेलचेल नाही, पंख नाहीत. छताची रेघ वरून सुटते ती मागच्या बंपरपर्यंत हात न उचलता ओढल्यासारखी जाते.

खरी गंमत आत आहे. बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच, गियरबॉक्स सगळं पुढे असतं आणि नाक जड होतं. ऑरेलियात इंजिन पुढे, आणि क्लच व गियरबॉक्स थेट मागच्या आसाजवळ. कावडीच्या दोन घागरी सारख्या भरल्या की खांदा दुखत नाही, तसं. मागचे ब्रेकही चाकांत नाहीत. ते आत, गियरबॉक्सला लागून. त्यामुळे चाक हलकं, आणि हलकं चाक खड्ड्यातून निघताना गाडीला हिसका देत नाही. पाचशे-सहाशे किलोमीटर जाऊन माणूस ताजा उतरला पाहिजे, हे त्या सगळ्या खटाटोपाचं कारण.

पहिल्या बी-२० चं इंजिन फक्त दोन लिटरचं आणि ताकद ७५ अश्वशक्ती. आजच्या साध्या हॅचबॅकइतकी! ती घेऊन १९५१ च्या एप्रिलमध्ये जोव्हान्नी ब्राको आणि उंबेर्तो माल्योली मिल्ले मील्यात उतरले. ब्रेशाहून रोम आणि रोमहून परत ब्रेशा, सुमारे १६०० किलोमीटर, तेही चालू रस्त्यांवरून. त्या वर्षी पाऊस होता. पहिला आला लुईजी विल्लोरेसी, चार लिटरहून मोठ्या इंजिनाची फेरारी घेऊन. आणि दुसरी आली ही छप्परवाली ऑरेलिया, त्याच्यामागे फक्त वीसेक मिनिटांनी. तेरा तासांच्या शर्यतीत! दोन महिन्यांनी ल मांसच्या चोवीस तासांत ती आपल्या गटात पहिली आली. १९५२ मध्ये सिसिलीच्या तार्गा फ्लोरिओत पहिले तिन्ही नंबर ऑरेलियांचे. १९५४ ची मोंते कार्लो रॅली लुई शिरोंनं ऑरेलियातच जिंकली.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून वाटेल की कंपनीत पैशांचा पाऊस पडत असणार. झालं उलटं.

जान्नी लान्चाला चांगली गाडी आणि त्याहून चांगली गाडी एवढंच कळत होतं. ऑरेलिया महाग होती, कारण ती बनवायलाच महाग होती. अॅल्युमिनियमचं इंजिन, मागे नेलेला गियरबॉक्स, आतले ब्रेक. यातली प्रत्येक गोष्ट हातची राखून करता आली असती आणि शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांना कळलंही नसतं. पण करायचं नाही म्हणजे नाही. १९५१ ते १९५८ या काळात सहा टप्प्यांत मिळून बी-२० चार हजारांहूनही कमी झाल्या. शेजारी, त्याच तुरीनमध्ये, फियाट लाखांच्या हिशोबात गाड्या काढत होती. त्यात जान्नीला रेसिंगचं वेड. १९५३ ची मेक्सिकोतली कारेरा पानामेरिकाना लान्चानं पहिल्या तिन्ही नंबरांनी जिंकली, पण त्याच शर्यतीत त्यांचा फेलिचे बोनेत्तो गेला. वर्षभर आधी तार्गा फ्लोरिओ ऑरेलियातून जिंकणारा तोच बोनेत्तो. १९५४ मध्ये यानोनं डी-५० ही फॉर्म्युला वनची गाडी काढली. तिच्यासाठी जगज्जेत्या आल्बेर्तो आस्कारीला आणलं. २२ मे १९५५ ला मोनाकोत आस्कारी गाडीसकट बंदरातल्या पाण्यात पडला आणि पोहत बाहेर आला. चार दिवसांनी, २६ मे रोजी, मोंझाला एका फेरारीची सहज म्हणून चक्कर मारताना तो अपघातात गेला. त्याच्याबरोबर लान्चाचा धीरही गेला. जुलैमध्ये सगळ्या डी-५० फेरारीला देऊन टाकल्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी फांजिओनं त्यांच्याच जोरावर जगज्जेतेपद मिळवलं. ते फेरारीच्या खात्यावर जमा झालं. जान्नीच्या हातून कंपनी गेली. ती घेतली कार्लो पेसेंतीनं, सिमेंटवाल्या घराण्यातल्या उद्योगपतीनं. १९६९ मध्ये लान्चा फियाटकडे गेली. म्हणजे फियाटची नोकरी सोडून निघालेल्या माणसाची कंपनी साठ-बासष्ट वर्षांनी फियाटच्याच दारात.

पुढचं म्हणजे नव्वद टक्के जुन्या गाड्यांचं होतं तेच. १९६२ मध्ये दिनो रिसीचा 'इल सोर्पासो' नावाचा सिनेमा आला. सोर्पासो म्हणजे ओव्हरटेक. त्यात व्हित्तोरिओ गासमान उघड्या ऑरेलियात, बी-२४ मध्ये, एका अभ्यासू पोराला घेऊन व्हिया ऑरेलियावरून सुसाट सुटतो. गाडीचं आणि रस्त्याचं नाव एकच, हे दिग्दर्शकाला नक्कीच कळत होतं. शेवटी गाडी कड्यावरून खाली जाते. तोवर खऱ्या ऑरेलियाही उताराला लागल्या होत्या. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या मालकाकडे जाणारी, महाग पार्ट लागणारी, जुनाट गाडी. बॉडी हाच सांगाडा असल्यामुळे तिचा गंज वरवरचा नसतो, थेट हाडाला लागतो. पायाखालच्या पोकळ तुळया आतून खाल्ल्या जातात आणि बाहेरचा रंग मात्र छान दिसत राहतो. किती गाड्या भंगारात गेल्या असतील कोण जाणे.

आणि मग काळ फिरला. जे उरलं ते दुर्मिळ झालं. आता चांगल्या बी-२० ला साधारण एक ते दोन लाख युरो मिळतात. तिच्या उघड्या बहिणीच्या, बी-२४ स्पायडरच्या, फक्त २४० झाल्या. त्यातल्या काही लिलावात दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्या. (फेरारीच्या २५० जीटीओपुढे हे काहीच नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत एक जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली.) गंमत अशी की बी-२० सुटी करून, गंजलेला पत्रा कापून, नवा बसवून, इंजिन बांधून, रंग देऊन उभी करायला येणारा खर्च बरेचदा तिच्या विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. जान्नीसारखाच तोट्याचा धंदा! त्या गाडीच्या कुंडलीतच ते असावं.

आता जाहिरातीतल्या त्या शब्दाकडे येतो. रिस्टोरेशन. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे: जीर्णोद्धार. आणि जीर्णोद्धार कसा चुकतो हेही आपल्याइतकं कुणाला कळणार नाही. कुठल्याही जुन्या हेमाडपंती देवळात जा. आठशे वर्षं ऊनपाऊस खाल्लेला काळा दगड, त्यावरची झिजलेली नक्षी, आणि त्या सगळ्यावर कुणा भाविकानं मोठ्या प्रेमानं फासलेला ऑइलपेंट. गाभाऱ्यात पांढऱ्या टाइल्स. देणाऱ्याचं नाव संगमरवरावर. श्रद्धेत खोट नाही, पैशात हात आखडलेला नाही. फक्त देऊळ गेलं.

ऑरेलियाचंही असंच होतं. तिच्या सीटवर मूळ लोकरीचं कापड असायचं. 'लान्चाचं कापड' म्हणून ते प्रसिद्ध होतं. उन्हाळ्यात तापत नाही, थंडीत गार लागत नाही, वळणावर माणूस घसरत नाही. पण आजच्या गिऱ्हाइकाला इटालियन गाडी म्हणजे चामडं हवं. मग कापड काढून चामडं चढतं. गियरचा दांडा मूळचा स्टिअरिंगखाली होता, पण स्पोर्टी दिसावं म्हणून तो खाली जमिनीवर येतो. यात एक गुंता आहे. जमिनीवरच्या गियरचा जोड तुरीनमधल्याच एन्रिको नार्दीच्या दुकानात त्या काळीही विकत मिळायचा आणि काही हौशी मालकांनी तो तेव्हाच बसवून घेतला होता. म्हणजे १९५५ मध्ये बसवलेला दांडा हा त्या गाडीचा इतिहास, आणि काल बसवलेला दांडा ही सजावट. दिसायला दोन्ही सारखे! फरक फक्त फाइलमधल्या एका जुन्या पावतीचा.

तसंच स्टिअरिंगचं. इटलीत वाहनं उजवीकडून चालतात, तरी लान्चाच्या गाड्यांना कित्येक वर्षं उजवीकडेच चाक असायचं, आपल्यासारखं. घाटात दरीची कड ड्रायव्हरच्या बाजूला यावी आणि चाक कुठे चाललंय ते त्याला दिसावं म्हणून, असं त्याचं कारण सांगतात. बी-२० मध्ये चौथ्या टप्प्यापासून, म्हणजे १९५४ पासून, डावीकडचं चाकही मिळू लागलं. आज विकायला सोपं जावं म्हणून कुणी जुन्या गाडीचं चाक डावीकडे नेलं, तर गाडी चालेल तशीच, पण आल्प्सच्या घाटाची ती आठवण पुसली जाईल.

हे सगळं लक्षात आल्यावरच की काय, जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनं, फिव्हानं, २०१२ मध्ये एक सनद केली. इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली होती, तिच्या धर्तीवर. नाव: तुरीनची सनद. लान्चाचंच गाव! तिचा मथितार्थ असा: जे टिकलंय ते आधी टिकवा. अगदी गरज असेल तेवढंच बदला. जे बदलाल त्याची नोंद ठेवा, आणि नवा भाग नवा आहे हे ओळखू येऊ द्या. गाडीच्या आयुष्यात झालेले बदलही तिच्या इतिहासाचाच भाग आहेत. बाजारालाही हे थोडंथोडं पटायला लागलंय. २०१५ मध्ये फ्रान्समध्ये बाईयों नावाच्या घराण्याच्या शेडांत पडून राहिलेल्या गाड्यांचा पॅरिसला लिलाव झाला. धूळ पुसली नव्हती, गंज तसाच. त्यातली एक फेरारी, जिच्यावर कित्येक वर्षं जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते, ती १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. लोकांनी धुळीचे पैसे मोजले म्हणून तेव्हा हसायला आलं होतं. आता वाटतं, त्या धुळीत कुणाचा हात लागलेला नव्हता याचे ते पैसे होते.

घरच्या वाचकांना इथे कोणती गाडी आठवली असेल ते मला माहीत आहे. साताऱ्याच्या थोरल्या काकांची डुक्कर फियाट. ती फियाट ११०० म्हणजे ऑरेलियाची गाववाली. रेखाटलेली तुरीनमध्ये, १९५३ साली बाजारात आलेली, आणि आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली. स्टिअरिंगखालचा गियर, उजवीकडे चाक, चार दारं आणि आतमध्ये मुलं मोजायची नाहीत असा नियम. तिची पुढची पिढी पद्मिनी होऊन मुंबईची टॅक्सी झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. काकांची गाडी मात्र पत्र्याच्या शेडमध्ये अजून उभी आहे, आणि दादानं यंदा ती बाहेर काढायची ठरवलंय. गॅरेजवाला म्हणतो, लाल मेटॅलिक मारू, लेदर करू, एसी बसवू, रॅलीत बक्षीस घेऊ.

दादा, गाडी तुझी आहे आणि पैसे तुझे. पण माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. ब्रेक नवे कर, वायरिंग सगळं नवं कर, खालचा पत्रा गंजला असेल तिथे कापून नवा लाव. यात काटकसर करू नकोस, त्यात जीव बसायचे आहेत. पण तो राखाडी रंग जिथे शाबूत आहे तिथे राहू दे. आणि डॅशबोर्डवरची ती दोन भोकं बुजवू नकोस. काकूला प्रवासात उलटी व्हायची म्हणून काकांनी स्वतः ड्रिल मारून छोटा पंखा बसवला होता, त्याची ती भोकं आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून हजारो फियाट निघाल्या. ती भोकं असलेली एकच आहे.

परत ऑरेलियाकडे. समजा तुमच्यापैकी कुणाला (परदेशातल्या भाचरांनो, तुमच्याकडे बघतोय) लॉटरी लागली आणि अशी गाडी विकत घ्यायची वेळ आली, तर चकाकीवर जाऊ नका. विकणाऱ्याला विचारा, की बदललेले भाग कुठे ठेवलेत? सुटी करण्याआधीचे फोटो आहेत का? कापलेल्या पत्र्याखाली काय निघालं? सीटवर आधी काय होतं? गियरचा दांडा कधी खाली आला आणि पावती आहे का? ज्यानं प्रेमानं काम केलंय तो यावर दोन तास बोलेल. ज्यानं फक्त विकायला केलंय तो पुन्हा रंगाकडे बोट दाखवेल.

लान्चाची आजची अवस्था फारशी उत्साहाची नाही. २०१७ पासून कित्येक वर्षं ही कंपनी फक्त इटलीत आणि फक्त एकच छोटी गाडी विकत होती. २०२४ मध्ये नव्या गाडीसह ती इटलीबाहेर पुन्हा पाऊल टाकू लागली. काय होईल ते होवो. पण तुरीनच्या त्या माणसांनी गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, मागच्या आसाजवळ, सगळ्यात जास्त खर्च केला होता. त्यापायी कंपनी हातची गेली. आणि आज तिच्याच गाडीची किंमत ठरते ती रंगाच्या चकाकीवरून, म्हणजे जे सगळ्यात आधी दिसतं त्यावरून. जान्नीला हे कळलं असतं तर तो काय म्हणाला असता? मला वाटतं तो बॉनेटकडे बघतही बसला नसता. सरळ गाडीखाली वाकून मागचा गियरबॉक्स कोरडा आहे ना, तेवढं बघितलं असतं.